टाळ्या आणि करार



दुसऱ्या राज्याशी बोलणी करायला बसलेल्या पुढाऱ्याने कोणाचे ऐकावे, हा राजकारणातला फार जुना प्रश्न आहे. आपल्या मागे उभ्या असलेल्या लोकांचे ऐकावे, तर समोरचा उठून जातो. समोरच्याचे ऐकावे, तर मागचे लोक म्हणतात, ‘हा विकला गेला.’ गावकीतसुद्धा हे आपण पाहतो. दोन गावांच्या मधून एक ओढा वाहतो, पाण्यावरून तंटा होतो आणि दोन्हीकडचे पाच पाच जण बोलायला बसायचे ठरते. निघण्याच्या आदल्या रात्री चावडीवर कोणी मोठ्याने म्हणतो, ‘थेंबभरसुद्धा देणार नाही!’ टाळ्या पडतात. पण टाळ्या घेणारा दुसऱ्या दिवशी बोलायला बसतो, तेव्हा त्याचे हात त्यानेच बांधून घेतलेले असतात. त्याला आता अर्धा वाफाही सोडता येत नाही. सोडला तर तो खोटा ठरतो, न सोडला तर ओढ्याचे पाणी दोघांनाही लाभत नाही.

लोकांना आवडणे ही एक गोष्ट झाली आणि लोकांना पुढे नेणे ही दुसरी. कधी कधी दोन्ही एकाच माणसात असतात, कधी नसतात. दोहोंत फरक पडला की काय होते, हे सांगायला लंडन-पॅरिसकडे जायचे कारण नाही. आपल्याच धाराशिव जिल्ह्याने ते १९४७ आणि १९४८ या दोन सालांत सोसले आहे.

त्या वेळी हा जिल्हा उस्मानाबाद या नावाने हैदराबाद संस्थानात होता. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भागही त्यातच होता. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. पश्चिमेला बार्शी आणि सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचा. सोयरीक, बाजार, वारी सगळे सीमेच्या दोन्ही अंगांना होते. संस्थान मात्र अफाट होते. सुमारे एक कोटी साठ लाख वस्ती, तेलुगू, मराठी, कानडी अशा तीन भाषांचा प्रदेश, स्वतःचे चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःची फौज. राजा मुसलमान आणि दर शंभरांत पंच्याऐंशीच्या आसपास प्रजा हिंदू व इतर धर्मांची. राज्यकारभारात या प्रजेचा शब्द चालेल, अशी कोणतीही निवडून आलेली सभा नव्हती.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान याने फर्मान काढले. इंग्रजांची सत्ता संपताच आपण स्वतंत्र राजे होऊ, असा त्याचा आशय होता. यामुळे दिल्लीशी होणारी बोलणी हैदराबादच्या दृष्टीने परराज्याशी होणारी बोलणी ठरली. पण संस्थानाला समुद्र नव्हता. चारही बाजूंनी भारत होता. मीठ, पेट्रोल, औषधे, यंत्रे सगळे भारतातून यायचे. अशा राज्याने शेजाऱ्याशी कसे वागावे, याचा हिशोब तसा अवघड नव्हता, आणि निजामाच्या दरबारात तो हिशोब कळणारी माणसेही होती. सर मिर्झा इस्माईल हे त्यांपैकी एक. म्हैसूरचा कारभार नावाजला गेलेला हा मुत्सद्दी १९४६ मध्ये हैदराबादचा पंतप्रधान झाला. भारताशी जुळवून घ्यावे, असे त्याचे मत. पण त्याच्याविरुद्ध इतके काहूर उठले की वर्षही न भरता त्याला जावे लागले. त्याच्या जागी छत्तारीचे नवाब आले. त्यांच्या मदतीला सर वॉल्टर माँक्टन हे इंग्रज कायदेपंडित सल्लागार होते.

काहूर उठवणारी संघटना म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन. १९२७ साली ती स्थापन झाली. बहादूर यार जंग हे तिचे गाजलेले वक्ते १९४४ मध्ये वारले, आणि पुढे १९४६ मध्ये तिची सूत्रे कासीम रझवीच्या हाती आली. हा रझवी अलीगढला शिकलेला आणि लातूरला वकिली करणारा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या पेठेत वावरलेला. त्याच्याजवळ ना मोठी जहागीर, ना दरबारात मान. त्याच्याजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे जीभ. सभेत उभा राहिला की माणसे भारून जात. रझाकार नावाचे स्वयंसेवक त्याने गावोगाव उभे केले. पदावर नसताना पदावरच्यांना हलवण्याची ताकद त्याला या लोकप्रियतेने दिली.

आता ऑक्टोबर १९४७ कडे या. छत्तारीचे नवाब, माँक्टन आणि सर सुलतान अहमद यांनी दिल्लीत महिनोन्‌महिने खटपट करून एक मसुदा मिळवला होता. त्याला पुढे ‘जैसे थे करार’ असे नाव पडले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या बाबतींत इंग्रजांच्या वेळी जी व्यवस्था होती तीच एक वर्ष चालू ठेवायची, आणि त्या वर्षात शांतपणे पुढचे ठरवायचे. विलीनीकरणाचा आग्रह भारताने या करारात धरला नव्हता. निजामाच्या दृष्टीने पाहिले तर एवढी सवलत दुसऱ्या क्वचितच कोणाला मिळाली असेल. निजामाच्या मंत्रिमंडळात मतदान झाले, सहा जण बाजूने आणि तीन विरुद्ध. निजामानेही मान्यता दिली. सही तेवढी उरली होती, ती त्याने पुढे ढकलली. शिष्टमंडळ २७ ऑक्टोबरच्या सकाळी विमानाने दिल्लीला जायचे होते.

त्याच दिवशी पहाटे हजारोंचा जमाव रझवीच्या इशाऱ्याने रस्त्यावर उतरला आणि या तिघांच्या घरांभोवती त्याने वेढा घातला. दारातून बाहेर पडणेसुद्धा अशक्य झाले. रझवीचे म्हणणे असे, की भारत काश्मीरमध्ये गुंतला आहे, आता ताणून धरले तर हवे ते मिळेल. त्याच दिवशी भारतीय फौजा विमानाने श्रीनगरात उतरत होत्या, म्हणून हे बोलणे ऐकणाऱ्याला पटण्यासारखेही वाटले. निजामाने शिष्टमंडळाचे जाणे थांबवले. छत्तारी, माँक्टन आणि त्यांचे सोबती बाजूला झाले. मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले आणि पंतप्रधानपदी मीर लायक अली आले.

नव्या माणसांनी काय मिळवले? महिनाभर चर्चा झाली. मसुद्यात महत्त्वाचा बदल करायला भारताचे गव्हर्नर जनरल माउंटबॅटन तयार झाले नाहीत. शेवटी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने सही केली, ती जवळजवळ त्याच कागदावर! ज्या करारासाठी घरांना वेढे पडले, तोच करार महिन्याने झाला. मग गेले काय? गेली ती विश्वासाची माणसे. दिल्लीला ज्यांच्या शब्दाची किंमत वाटत होती ते आता टेबलाशी नव्हते. आणि दिल्लीला एक गोष्ट कळून चुकली होती, की हैदराबादचा पंतप्रधान जे कबूल करील ते पहाटेचा जमाव मोडू शकतो. बोलणी करणाऱ्याजवळ शब्दापलीकडे दुसरे भांडवल नसते. ते भांडवल एका पहाटेत खर्च झाले.

इथे कोणी विचारील, ‘लोक रस्त्यावर आले, त्यांचे ऐकले, यात चुकले काय? ही तर लोकशाहीच झाली.’ शंका रास्त आहे, म्हणून तिचा विचार नीट केला पाहिजे. दारापुढची गर्दी म्हणजे जनता नव्हे. त्या पहाटे हैदराबाद शहरात जे उभे होते, त्यांत तुळजापूरचा शेतकरी नव्हता, उमरग्याचा विणकर नव्हता, परंड्याचा शेतमजूर नव्हता. बहुसंख्य प्रजेला तर कोणी विचारलेच नव्हते. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. इतकेच काय, रझवीच्या धर्माचेही सगळे लोक त्याच्याबरोबर नव्हते. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर उघड टीका केली आणि भारताशी एकोप्याचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा निर्घृण खून झाला. ज्या लोकप्रियतेला टीकाकाराचे हात तोडावे लागतात, ती लोकप्रियता किती लोकांची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण दोष एकट्या रझवीवर ढकलून आपण मोकळे झालो, तर इतिहास अर्धाच वाचला असे होईल. छत्तारी नवाबांचीही एक उणीव होती. ते शहाणे होते, पण त्यांचे शहाणपण महालाच्या भिंतींआड राहिले. हा करार का हवा, तो न झाला तर मीठमिरचीपासून रेल्वेपर्यंत काय अडेल, हे त्यांनी कधी लोकांपुढे जाऊन सांगितले नाही. सांगायची रीतच त्या राज्यात नव्हती. म्हणून पहाटे जेव्हा गर्दी आली, तेव्हा नवाबांच्या बाजूने उभा राहील असा एकही माणूस रस्त्यावर नव्हता. रझवीजवळ लोक होते, दूरदृष्टी नव्हती. नवाबांजवळ दूरदृष्टी होती, लोक नव्हते. अशा दोन अर्ध्या माणसांमध्ये ते राज्य सापडले होते.

१९४८ साल उजाडले आणि कराराचे वर्ष तक्रारींतच सरू लागले. हैदराबादने भारत सरकारचे वीस कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले. भारतीय चलनावर निर्बंध घातले. उलट भारत आपला माल अडवतो, अशी हैदराबादची तक्रार होती. इकडे सीमेवरच्या गावांत रझाकारांची लूटमार आणि जाळपोळ वाढली. कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून बार्शी-सोलापूरकडे निघाली. तिकडे सीमेपलीकडे स्टेट काँग्रेसची शिबिरे उभी राहिली आणि तिथून नाक्यांवर प्रतिहल्ले होऊ लागले. रझवीची भाषणे तर अधिकच तापली. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषा त्याने केल्याचे वर्तमानपत्रांत आले. आपण तसे बोललोच नाही, असे त्याने सांगितले. पण बोलणाऱ्याची ख्याती एकदा तशी झाली, की खुलासा कोणी ऐकत नाही.

याच सुमारास दुसऱ्या बाजूला काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन मायदेशी परतणार होते. जाण्यापूर्वी तडजोड व्हावी म्हणून त्यांनी एक अखेरचा मसुदा पुढे केला. विलीन व्हायचे की नाही हे जनमताने ठरवावे, हैदराबादने मर्यादित फौज ठेवावी, रझाकारांना हळूहळू आवरावे, अशा त्याच्या अटी होत्या. भारतातल्या लोकांना या अटी फार सैल वाटल्या असत्या, सीमेवरच्या निर्वासितांना तर त्या सहनच झाल्या नसत्या. सरदार वल्लभभाई पटेल तेव्हा आजारी होते आणि डेहराडूनला विश्रांती घेत होते. त्यांना स्वतःलाही हा मसुदा आवडला नव्हता. तरीही माउंटबॅटन यांच्या विनंतीवरून त्यांनी त्यावर आपली आद्याक्षरे घातली. पोलादी पुरुष म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी आपल्या ख्यातीला न शोभणाऱ्या कागदाला मान्यता दिली! एक शेवटची संधी द्यायला हरकत नाही, आणि ती दिल्यावर पुढचा दोष आपल्यावर राहणार नाही, एवढा विचार त्यामागे असावा, असे वाटते.

निजामाने तो मसुदा नाकारला. बोलणी तुटली. २१ जूनला माउंटबॅटन निघून गेले. काही महिन्यांपूर्वी ज्या दारांना वेढा पडला होता, त्या दारांतून आता मुत्सद्द्याला बाहेर पडायला जागाच उरली नव्हती. लायक अली सरकारने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेने तो विषय कामकाजात घेतला आणि पुढची बैठक २० सप्टेंबरला ठेवली. पण तोवर कागदाची वेळ टळून गेली होती.

१३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचे सैन्य सोलापूरहून निघाले होते. हैदराबादच्या सडकेवर पहिले मोठे ठाणे लागते ते नळदुर्ग. बोरी नदीच्या वळणात उभा असलेला हा किल्ला आणि नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी सैन्याच्या ताब्यात आला. पुढे उमरग्याच्या वाटेने रणगाडे गेले. सगळे मिळून पाच दिवस. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रे ठेवली, आणि सुरक्षा परिषदेकडची तक्रार त्याच महिन्यात मागे घेण्याची तार निजामाने केली. जगभर आपला पक्ष उचलला जाईल, या आशेवर ज्यांना झुलवत ठेवले होते, त्यांच्या मदतीला कोणीही आले नाही.

मराठवाडा मुक्त झाला. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, हुतात्म्यांना वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले, तेही शिक्षकांनी विसरू नये. फौजांच्या मागोमाग अनेक गावांत सूड उगवला गेला. रझाकारांची नावे पुढे करून, ज्यांनी रझवीला कधी पाहिलेही नव्हते अशा मुसलमान शेतकऱ्यांना, विणकरांना, दुकानदारांना मारले गेले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हा भाग हिंडून अहवाल दिला. तो अनेक दशके प्रसिद्ध झाला नव्हता. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझवीच्या लातूरमध्ये तर ही हत्या वीस दिवसांहून अधिक चालली, असे तिने लिहिले. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू होते, याचीही नोंद तिने केली आहे.

आता हिशोब मांडून पाहा. आधी रझाकारांच्या जाचाने ज्यांची घरे जळाली, ते पहाटेच्या गर्दीत नव्हते. नंतर सूडाला जे बळी पडले, त्यांतलेही बहुतेक त्या गर्दीत नव्हते. टाळ्या एकाने घेतल्या, सही दुसऱ्याच्या हाती होती, आणि किंमत तिसऱ्याने दिली. रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. निजाम तर १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख म्हणून मानाने राहिला. पराभवानंतर त्याने रेडिओवरून सांगितले, की एका गटाने माझ्या विश्वासू मंत्र्यांची घरे वेढली आणि नवे मंत्रिमंडळ माझ्यावर लादले. हे सांगणे पुष्कळ अंशी खरे आहे. पण ज्याच्या हातात सहीची लेखणी होती, त्याला ते शोभले का? २७ ऑक्टोबरला तो गप्प राहिला. गर्दीचा उपयोग दिल्लीवर दाब आणायला होईल, असा त्याचा होरा असावा. गर्दी पाळीव नसते, हे त्याला फार उशिरा कळले.

मग लोकप्रियता वाईटच का? तसे मुळीच नाही. लोकप्रियता ही बियाण्यासारखी आहे. कणगीत भरून तिची नुसती शेखी मिरवली तर तिला कीड लागते. वेळ आली की ती मातीत घालावी लागते, आणि घालताना कणगी रिकामी होते. लालबहादूर शास्त्रींचे उदाहरण आठवा. १९६५ च्या युद्धानंतर त्यांच्याइतका लाडका पुढारी देशात दुसरा नव्हता. ‘जय जवान, जय किसान’ खेड्याखेड्यांत घुमत होते. अशा वेळी ते ताश्कंदला गेले. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून त्यांच्यासोबत होते. १० जानेवारी १९६६ रोजी शास्त्रींनी करारावर सही केली, त्यात जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यावी लागणार होती. हे लोकांना आवडणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्याच रात्री त्यांचे प्राण गेले. करार बरोबर होता की चूक, यावर आजही दोन मते आहेत. पण मिळालेले प्रेम त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले नाही, शांततेसाठी खर्च केले, यावर दोन मते होऊ नयेत.

उलट, लोकांना गोड वाटणारा तहसुद्धा फसवा असू शकतो. १९३८ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन म्युनिकहून परतले, तेव्हा शांतता आणली म्हणून लंडनने त्यांना डोक्यावर घेतले. वर्ष भरायच्या आत महायुद्ध सुरू झाले. तेव्हा टाळ्या युद्धाच्या असोत की तहाच्या, त्यांवरून नेतृत्वाची परीक्षा होत नाही.

परीक्षा कशावरून करावी? एक साधी कसोटी सांगतो. पुढारी परक्यांना काय सुनावतो, हे पाहू नका. ते सोपे असते, कारण ऐकणारे सगळे आपलेच असतात. तो आपल्या माणसांना न आवडणारी कोणती गोष्ट तोंडावर सांगतो, ते पाहा. आपली ताकद किती, आपली गरज कोणती, समोरच्याला काय दिल्यावाचून भागणार नाही, हे जो घरच्या लोकांना आधी सांगतो, त्याचे हात बोलणीच्या वेळी मोकळे राहतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, सप्टेंबरात मुक्तिसंग्रामाचा धडा शिकवताना नळदुर्गच्या रणगाड्यांपाशी थांबू नका. मुलांना २७ ऑक्टोबर १९४७ ची पहाटही सांगा. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहा. दारापुढे कोण उभे होते? सही कोणाच्या हाती होती? आणि किंमत कोणी भरली? तिन्ही उत्तरांत तीन निराळी नावे आली, तर चुकले कुठे ते मुले स्वतःच शोधून काढतील. उद्या मतदार म्हणून त्यांनाच पुढारी पारखायचे आहेत.